यादीत नसलेली जावा: लिब्रेऑफिसच्या एका पानाचे परीक्षण

परीक्षण सहसा संपूर्ण सॉफ्टवेअरचे लिहिले जाते. मी येथे लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या केवळ एका पानाचे लिहीत आहे. टूल्स मेन्यूतील ऑप्शन्स, त्यात लिब्रेऑफिस आणि त्याखाली ॲडव्हान्स्ड, अशा वाटेने गेल्यावर जे पान उघडते, त्याचा वरचा भाग जावासाठी, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, राखून ठेवलेला आहे. तेथे एक चौकोन आहे, ज्यात खूण केली की जावा वापरण्यास परवानगी मिळते. त्याच्या खाली संगणकावर सापडलेल्या जावांची यादी आहे, तीत प्रत्येक जावाचा निर्माता आणि आवृत्ती दिसते. आणि बाजूला ॲड, पॅरामीटर्स व क्लास पाथ अशी तीन बटणे आहेत. बहुतेक वापरकर्त्यांना हे पान आयुष्यात कधी उघडावे लागत नाही. ज्यांना उघडावे लागते ते काहीतरी अडल्यामुळेच तेथे पोहोचलेले असतात आणि त्या वेळी ती यादी बहुधा रिकामी असते.

जावा मुळात लागते कशाला, हे आधी सांगितले पाहिजे, कारण या बाबतीत गैरसमज फार आहेत. पत्र लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, सादरीकरण करणे किंवा आकृती काढणे यांसाठी लिब्रेऑफिसला जावाची गरज नाही. रायटर, कॅल्क, इम्प्रेस आणि ड्रॉ हे चारही जावाशिवाय व्यवस्थित चालतात. गरज पडते ती मुख्यतः बेस या डेटाबेसच्या भागाला, कारण त्याच्या फाइलमध्येच साठवला जाणारा एचएसक्यूएलडीबी हा डेटाबेस जावात लिहिलेला आहे. अहवाल तयार करणारा रिपोर्ट बिल्डर, बीनशेल व जावास्क्रिप्टमधील मॅक्रो आणि जावात लिहिलेली काही एक्स्टेन्शन्स हीदेखील त्याच रांगेत येतात. याचा अर्थ असा की एखादा माणूस वर्षानुवर्षे लिब्रेऑफिस वापरतो, त्यात जावाचा संबंध आहे हे त्याच्या गावीही नसते, आणि मग कोणीतरी पाठवलेली बेसची एक फाइल उघडण्याच्या क्षणी त्याच्यापुढे संदेश येतो की या कामासाठी जावा रनटाइम एन्व्हायर्न्मेंट (जेआरई), म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणारा संच, हवे, ते बसवा आणि लिब्रेऑफिस पुन्हा सुरू करा.

माझ्यापुढे तो संदेश आला तेव्हा मी सांगितल्याप्रमाणे केले. एका संस्थेच्या सभासदांची नोंद बेसच्या फाइलमध्ये होती आणि ती मला दुसऱ्या संगणकावर उघडायची होती. मी जावा उतरवून घेतली, प्रत्येक खिडकीत न वाचता ‘नेक्स्ट’ दाबत ती बसवली, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडले आणि ॲडव्हान्स्डच्या पानावर जाऊन बसलो. यादी कोरी होती. संगणक पुन्हा सुरू केला, यादी कोरीच. कमांड प्रॉम्प्टमध्ये जावाची आवृत्ती विचारली, तर तेथे जावाने चटकन उत्तर दिले. म्हणजे जावा बसली होती, चालत होती, संगणकाला ती माहीत होती. फक्त लिब्रेऑफिसला माहीत नव्हती. त्या उत्तराच्या शेवटच्या ओळीत माझ्या चुकीचा पुरावा होता, पण तो मला त्या दिवशी वाचता आला नाही. प्रोग्राम बत्तीस बिट किंवा चौसष्ट बिट अशा दोन प्रकारांत बांधलेले असतात; चौसष्ट बिटची जावा असेल तर त्या ओळीत ‘६४-बिट’ असा स्पष्ट शब्द असतो. माझ्या ओळीत तो नव्हता.

हा घोळ समजून घ्यायचा तर लिब्रेऑफिस जावा कशी वापरते ते पाहावे लागते. सामान्य समजूत अशी की एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला काम सांगतो, दुसरा ते करून देतो, आणि दोघांची घरे वेगळी राहतात. येथे तसे नाही. लिब्रेऑफिस जावाचे यंत्र, म्हणजे विंडोजवर जेव्हीएम.डीएलएल ही फाइल, स्वतःच्याच प्रक्रियेत, म्हणजे चालू असलेल्या आपल्याच प्रोग्रामच्या आत, उचलून आणते आणि तेथेच सुरू करते. एका प्रक्रियेत बत्तीस आणि चौसष्ट बिटांचा कोड एकत्र नांदू शकत नाही. हा नियम लिब्रेऑफिसने केलेला नाही, तो कार्यप्रणालीचाच आहे. म्हणून चौसष्ट बिटच्या लिब्रेऑफिसला चौसष्ट बिटचीच जावा लागते आणि बत्तीस बिटच्या लिब्रेऑफिसला बत्तीस बिटचीच. विंडोज स्वतः कितीही बिटचे असो, त्याने या जोडीत फरक पडत नाही. ज्या सल्ल्यांत ‘तुमचे विंडोज चौसष्ट बिटचे आहे ना, मग चौसष्ट बिटची जावा घ्या’ असे म्हटलेले असते ते या कारणाने अर्धवट ठरतात; विचारायचे ते ऑफिसला. हेल्प मेन्यूतील अबाउट उघडले की आवृत्तीच्या क्रमांकापाशीच त्याचे उत्तर मिळते.

यादी कोरी का राहते, याचे विंडोजवरचे कारण आणखी एक पायरी खाली आहे. जावा कोठे बसली आहे हे शोधण्यासाठी लिब्रेऑफिस प्रामुख्याने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे प्रोग्राम आपापल्या नोंदी ठेवतात त्या भांडारात, पाहते. तेथे जावासॉफ्ट नावाची एक नोंद असते आणि तिच्याखाली आवृत्ती व फोल्डरचा पत्ता लिहिलेला असतो. चौसष्ट बिटच्या विंडोजवर बत्तीस बिटचे प्रोग्राम आपल्या नोंदी करतात तो कप्पा निराळा आहे, आणि चौसष्ट बिटचा प्रोग्राम नेहमीच्या पद्धतीने विचारतो तेव्हा त्या कप्प्यात डोकावत नाही. माझी बत्तीस बिटची जावा तेथे आपले नाव नोंदवून बसली होती आणि लिब्रेऑफिस शेजारच्या दालनात तिला शोधत होते. दोघांचेही वागणे बरोबर होते.

येथपर्यंत लिब्रेऑफिसला दोष देण्यासारखे काही नाही. दोष सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. यादीत नसलेली जावा हाताने दाखवण्यासाठी ॲड हे बटण आहे. ते दाबून जावाचा मुख्य फोल्डर निवडायचा असतो. त्याच्या आतील बिन हा फोल्डर निवडण्याचा मोह होतो, कारण चालणारी फाइल तेथे दिसते, पण मुख्य फोल्डरच द्यावा लागतो. एकदा फोल्डर दिला की लिब्रेऑफिस जे करते ते मला फार आवडले. ते फोल्डरच्या नावावर विश्वास ठेवत नाही. ते त्या फोल्डरातील जावा खरोखर चालवते, तिच्याकडून स्वतःचा एक चिमुकला जावा प्रोग्राम वदवून घेते, आणि तो प्रोग्राम त्या जावाचा निर्माता, आवृत्ती, घरचा पत्ता वगैरे गुणधर्म छापून देतो. म्हणजे उमेदवाराची कागदपत्रे न पाहता त्यालाच समोर बसवून बोलते करण्याचा प्रकार आहे. नवीन आवृत्त्यांत ही जावा कोणत्या प्रोसेसरसाठी बांधलेली आहे तेही याच उत्तरातून ताडून पाहिले जाते.

इतकी चौकशी केल्यावर नकार द्यायचा झाला तर मात्र हे पान दोनच वाक्ये जाणते. एक: निवडलेल्या फोल्डरमध्ये जावा रनटाइम नाही, दुसरा फोल्डर निवडा. दुसरे: निवडलेल्या जावाची आवृत्ती हवी ती नाही. बिट जुळत नाहीत, निर्माता ओळखीचा नाही, फाइल अर्धवट उतरली आहे, फोल्डर एक पायरी आतला दिला आहे, असे निरनिराळे आजार या दोन वाक्यांच्या झाकणाखाली येतात. ज्या सॉफ्टवेअरला खरे कारण ठाऊक आहे किंवा सहज ठाऊक होऊ शकते, त्याने ‘येथे जावा नाही’ असे म्हणावे आणि वापरकर्त्याच्या डोळ्यांसमोर त्या फोल्डरमध्ये जावा दिसत असावी, ही गोष्ट चीड आणणारी आहे. ‘ही जावा बत्तीस बिटची आहे, मला चौसष्ट बिटची लागते’ एवढे एक वाक्य तेथे असते, तर या विषयावरची अर्धी प्रश्नोत्तरे झालीच नसती.

याहून वाईट शब्द आहे तो ‘सदोष’. यादीत निवडलेली जावा प्रत्यक्ष सुरू करताना अडली, तर संदेश येतो की निवडलेले जेआरई सदोष आहे, दुसरे निवडा किंवा नवीन बसवा. वाचणारा साहजिकच जावा काढून टाकतो, तीच जावा पुन्हा उतरवतो, पुन्हा बसवतो आणि पुन्हा तोच संदेश वाचतो. कितीतरी वेळा जावेत काडीचाही दोष नसतो.

अशा प्रसंगाचे एक नेहमीचे मूळ जावाच्या इतिहासात आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आली आणि तिने घराची मांडणीच बदलली. पूर्वी जेडीकेच्या, म्हणजे जावात प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच्या पूर्ण संचाच्या, पोटात जेआरई नावाचा वेगळा फोल्डर असे आणि जेव्हीएमची फाइल त्याच्या आत मिळे. नव्या मांडणीत तो फोल्डर गेला. आवृत्ती लिहिण्याची पद्धत बदलली, आधी १.८ असे लिहीत, आता नुसते ९, ११, १७. रजिस्ट्रीतील नोंदीचे नाव बदलले. जेथे ‘जावा रनटाइम एन्व्हायर्न्मेंट’ असे पूर्ण नाव होते तेथे ‘जेआरई’ आणि ‘जेडीके’ ही आद्याक्षरे आली. जुनी ऑफिस सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर जुन्या नावाने हाका मारत राहिली, आणि जावा नव्या घरात आरामात बसून होती. लिब्रेऑफिसने नंतरच्या आवृत्त्यांत ही नवी नावे शिकून घेतली. म्हणून फार जुने लिब्रेऑफिस आणि अगदी नवी जावा अशी जोडी जमवण्याचा खटाटोप करू नये. लिब्रेऑफिसच अद्ययावत करावे.

दुसरे मूळ सप्टेंबर २०१८ मधील जावा ११ चे. तेव्हापासून जावाची मालक कंपनी ओरॅकल हिने सुटे जेआरई देणे थांबवले आणि पुढे एप्रिल २०१९ मध्ये जावा ८ च्या नव्या अद्ययावत आवृत्त्यांचा परवानाही बदलला. वैयक्तिक वापर मोफत राहिला, व्यावसायिक वापराला अटी लागल्या. त्यामुळे अनेक जण ओपनजेडीके या जावाच्या मुक्त रूपावर आधारित मोफत जावांकडे वळले: टेमुरिन, झुलू, कोरेटो आणि मायक्रोसॉफ्टची स्वतःची. या सगळ्या उत्तम आहेत. परंतु लिब्रेऑफिसच्या जुन्या आवृत्त्यांत ओळखीच्या निर्मात्यांची एक ठरलेली यादी होती, आणि जावाने आपल्या निर्मात्याचे जे नाव सांगितले ते त्या यादीत नसेल तर ती जावा सर्व बाजूंनी योग्य असूनही दारातून परत पाठवली जाई. नाव सांगण्यात एका शब्दाचा फरक पडला तरी चालत नसे. हा नियम कधी काळी सावधगिरी म्हणून योग्य वाटला असेल. जावाचे निर्माते इतके वाढल्यावर तो केवळ अडवणूक ठरला.

टेमुरिनच्या विंडोजवरील इन्स्टॉलरची एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तीच माझ्या दुसऱ्या चुकीचे कारण झाली. चौसष्ट बिटची जावा हवी हे कळल्यावर मी टेमुरिन उतरवली आणि पुन्हा सवयीने नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलो. तिच्या इन्स्टॉलरमध्ये काय काय बसवायचे हे विचारणारी एक खिडकी येते. त्यात जावासॉफ्टच्या रजिस्ट्री नोंदी करण्याचा पर्याय असतो, तसाच जावाहोम हा पर्यावरणातील चल (प्रोग्रामांना जावाचा पत्ता सांगणारी विंडोजमधील नोंद) ठरवण्याचाही असतो, आणि हे दोन्ही आपण होऊन निवडल्याशिवाय बंदच असतात. समोर लाल फुली दिसते. ती फुली दाबून ‘स्थानिक डिस्कवर बसवा’ असे निवडावे लागते. लिब्रेऑफिस रजिस्ट्रीशिवाय जावाहोम आणि पाथ हे चलही पाहते, त्यामुळे यांपैकी एकानेही काम भागू शकते, पण मी जावासॉफ्टच्या नोंदी नेहमी सुरू करतो. इन्स्टॉलर पुन्हा चालवला, ती एक फुली बदलली, आणि लिब्रेऑफिसच्या त्या ओसाड यादीत निर्मात्याच्या नावासह एक ओळ उगवली. तिच्या समोरच्या गोल खुणेवर टिचकी मारली, ओके म्हटले, आणि पुन्हा सुरू करावे लागेल असे लिब्रेऑफिसने सांगितले ते या वेळी निमूटपणे ऐकले. सभासदांची नोंद उघडली.

पुन्हा सुरू करण्याच्या त्या सूचनेकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ आहेत. एका प्रक्रियेत जावाचे यंत्र एकदाच उभे करता येते, म्हणून निवड बदलल्यावर लिब्रेऑफिस पूर्ण बंद होणे आवश्यकच आहे, आणि ‘पूर्ण’ या शब्दाला येथे वजन आहे. क्विकस्टार्टर, म्हणजे लिब्रेऑफिस लवकर उघडावे म्हणून मागे चालू राहणारा भाग, सुरू असेल तर सर्व खिडक्या बंद केल्यावरही लिब्रेऑफिस मागे जागेच राहते; घड्याळाजवळच्या चिन्हातून तेही बंद करावे लागते. हे न केल्याने योग्य जावा निवडूनही जुनाच संदेश दिसतो आणि माणूस बरोबर उत्तर चुकीचे समजून सोडून देतो.

आज चालणारी जावा उद्या अचानक दिसेनाशी होते, हा प्रकारही या पानाच्या खात्यावर मांडला पाहिजे. आपण जी जावा निवडतो तिचा पत्ता लिब्रेऑफिस वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधील (त्याच्या सेटिंग्ज जेथे साठतात त्या फोल्डरातील) कॉन्फिग फोल्डरात, जावासेटिंग्ज या शब्दाने सुरू होणाऱ्या एका लहानशा एक्सएमएल फाइलमध्ये लिहून ठेवते. जावा अद्ययावत होताना अनेकदा जुना फोल्डर पुसला जातो आणि आवृत्तीच्या नव्या क्रमांकासह नवा तयार होतो. नोंदलेला पत्ता मग ओसाड जागेचा राहतो. लिब्रेऑफिस बंद करून ती फाइल दुसऱ्या नावाने ठेवून द्यावी. पुढच्या वेळी लिब्रेऑफिस नव्याने शोध घेते आणि फाइल नव्याने लिहिते. संपूर्ण प्रोफाइल पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यात आपले शब्दकोश, साचे आणि मांडणीही जाऊ शकते. एका फाइलीने भागत असताना घर मोडण्याचे कारण नाही. जाता जाता एक गंमत: हे प्रोफाइल विंडोजवर ॲपडेटामध्ये लिब्रेऑफिस आणि त्यात ४ अशा नावाच्या फोल्डरात असते. लिब्रेऑफिसचे क्रमांक २०२४ पासून वर्ष आणि महिन्यावरून, म्हणजे २४.२ असे पडू लागले, तरी तो ४ तेथे ठाण मांडून आहे. तो पाहून आपण जुन्या आवृत्तीचा कचरा पाहत आहोत असे समजू नये.

लिनक्सवर ही कटकट बरीच कमी आहे, कारण जावा कोणत्या ठरावीक फोल्डरांत बसते ते लिब्रेऑफिसला माहीत आहे आणि ते थेट तेथे शोधते. डेबियन आणि उबुंटूवर मात्र नुसती जावा बसवून पुरत नाही. लिब्रेऑफिस-जावा-कॉमन नावाचे वेगळे पॅकेज लागते. मॅकवर जेआरई नव्हे, पूर्ण जेडीके लागते आणि तेथील संदेश तसे स्पष्ट सांगतो, जे विंडोजवाल्यांच्या नशिबी नाही. मॅकचे प्रोसेसर बदलल्यापासून बिटांच्या जागी प्रोसेसरची जात आली आहे. ॲपल सिलिकॉन या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरसाठीचे लिब्रेऑफिस आणि इंटेलसाठीची जावा यांचे जमत नाही.

तुलनेसाठी अपाची ओपनऑफिस घेतले तर लिब्रेऑफिसचे हे पान बरेच सुसह्य वाटू लागते. दोघांचे मूळ एकच; २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळे झाले, आणि हे जावाचे पान दोघांकडे जवळजवळ सारखेच दिसते. परंतु ओपनऑफिस विंडोजवर केवळ बत्तीस बिटमध्ये मिळते, म्हणून त्याला बत्तीस बिटचीच जावा लागते, आणि ती दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालली आहे: मार्च २०२५ मधील जेडीके २४ मधून विंडोजसाठीचा बत्तीस बिटचा भाग काढूनच टाकण्यात आला. ओपनऑफिसच्या बेसमध्ये काम अडलेल्या माणसाला मी बत्तीस बिटची जावा शोधण्याचा सल्ला देत नाही. त्याने चौसष्ट बिटचे लिब्रेऑफिस आणि त्याच्या जोडीची चौसष्ट बिटची जावा बसवावी; बेसची फाइल तेथे उघडते. मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवावी, एवढे पथ्य पाळावे.

पाचपैकी गुण द्यायचे तर शोधण्याच्या यंत्रणेला मी चार देईन आणि तिच्या बोलण्याला दीड. पॅरामीटर्स व क्लास पाथ या बटणांबद्दल मी काही लिहिले नाही, कारण ज्यांना ती लागतात त्यांना या परीक्षणाची गरज नाही. ज्या संगणकावर मी फक्त पत्रे आणि तक्ते करतो तेथे जावाच्या चौकोनातील खूण काढून टाकली आहे आणि यादी कोरी आहे. सभासदांच्या नोंदीच्या संगणकावर टेमुरिनची एक ओळ आहे, आणि जावा अद्ययावत झाली की त्या दिवशी मी एकदा ते पान उघडून ती ओळ जागेवर आहे ना हे पाहून घेतो.